एक दुखणे, अनेक हात

पावसाळ्याच्या आरंभी गावात हगवणीची साथ येते. आजारी मुलास दवाखान्यात नेतात, औषध मिळते, मूल बरे होऊन घरी येते आणि पुन्हा त्याच विहिरीचे पाणी पिते. वैद्याचे काम चोख झाले, तरी दुखणे गावातून गेले नाही. या दुखण्याचे मूळ एकाच खात्याच्या कक्षेत मावणारे नसते. विहीर, सांडपाणी, शेणखताचा खड्डा, घरातील आहार व आईचे ज्ञान ही सर्व त्यात गुंतलेली असतात.

श्रीगोंदे तालुक्यात ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. घोड व कुकडीच्या कालव्यांखालील गावांत साचलेल्या पाण्याची अडचण असते, तर कोरडवाहू गावांत उन्हाळ्यात पाणी आटण्याची. एकच उपाय दोन्हीकडे चालणार नाही. म्हणून गावाची माहिती असणाऱ्यांनी व शास्त्राची माहिती असणाऱ्यांनी एकत्र बसणे अगत्याचे आहे.

जामखेडचा धडा

याच जिल्ह्यात, कर्जतच्या पलीकडे, जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वैद्य, परंतु लोकांची पहिली निकड अन्नाची व पाण्याची होती. त्यामुळे औषधोपचाराबरोबरच हातपंपांचे काम हाती घेतले गेले. हातपंप दलित वस्तीत बसविल्यामुळे इतरांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले व शिवाशिवीस धक्का बसला. गावोगावी शेतकऱ्यांची व महिलांची मंडळे उभी राहिली.

प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवण्याचा आरंभीचा प्रयत्न फारसा फळला नाही. तेव्हा गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांनाच बाळंतपण, आहार व हगवण यांविषयी शिक्षण देण्यात आले. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ साली हे प्रमाण ५२ वर आले. एकट्या दवाखान्याने हे घडले नसते.

गावात काम कसे करावे

१. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सभा पावसाळ्यापूर्वी बोलवावी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेतीखात्याचा कार्यकर्ता व जलसुरक्षक यांच्याबरोबर ज्यांची मुले गतवर्षी आजारी पडली त्या मातांनाही बसवावे व आधी त्यांचे ऐकून घ्यावे.

२. शिक्षकांनी मुलांच्या मदतीने गावाचा नकाशा काढावा. त्यात विहिरी, हातपंप, गटारे, उकिरडे व आजारी माणसांची घरे दाखवावी. दुखणे कोठून पसरते हे पुष्कळदा नकाशाच सांगतो.

३. औषध किती टाकावे हे पाणी किती आहे यावर ठरते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्यास त्याच संख्येने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने व शेवटी ७८५ ने गुणावे, म्हणजे लिटर निघतात. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असल्यास ३७,६८० लिटर होतात. मोजमाप शेतकऱ्याने, हिशेब शिक्षकाने, विरंजक चूर्णाचे प्रमाण आरोग्यसेवकाने व ते टाकण्याचे काम जलसुरक्षकाने करावे.

४. शेतीखात्याच्या कार्यकर्त्याने खताचे खड्डे विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास घेण्यास सांगावे. सांडपाण्यावर परसबाग लावल्यास डबके मोडते व भाजीही मिळते.

५. मुलास हगवण लागताच जलसंजीवनी द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले तर विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

६. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव वहीत लिहावे व दर पंधरवड्यास आढावा घ्यावा. सर्वांवर सोपविलेले काम बहुधा कोणीच करीत नाही.

खात्यांच्या हद्दी कारभाराच्या सोयीसाठी आखलेल्या असतात. रोगास त्या ठाऊक नसतात. पुढील पावसाळ्यात वहीतील आजारी मुलांची संख्या घटली, तर ते श्रेय कोणा एका खात्याचे नव्हे, तर साऱ्या गावाचे समजावे.