घटक 4 : उपकरण उसने मागणारे पत्र

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• उसनवारीच्या पत्रातील आवश्यक तपशील सांगता येईल.
• कर्त्याचा उल्लेख टाळणाऱ्या वाक्यांतील धोका ओळखता येईल.

4.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे कारखाने आहेत. ओतकामात वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओततात. तो थंड झाल्यावर साचा फोडताना वाळूची बारीक धूळ उडते. या वसाहतीच्या हवेतील धूलिकण एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला मोजायचे आहेत. परंतु तिचे यंत्र दुरुस्तीस गेले आहे आणि ते दुसऱ्या संस्थेकडून मागून आणावयाचे आहे, अशी कल्पना करा. या मागणीचे पत्र कसे असावे?

4.2 आधी यंत्र समजून घ्या

रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर हे यंत्र पंपाने हवा आत ओढते. 10 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, म्हणजे पीएम 10, गाळणकागदावर साचतात. कागदाच्या आधीच्या व नंतरच्या वजनांतील फरकास हवेच्या घनफळाने भागले, की कणांचे प्रमाण मिळते. भारताच्या 2009 च्या मानकांनुसार पीएम 10 ची 24 तासांची मर्यादा दर घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे.

समजा, यंत्र मिनिटाला 1 घनमीटर हवा ओढते. 24 तासांत 1440 घनमीटर हवा जाते. कागदावर 144 मिलिग्रॅम धूळ साचली, तर प्रमाण नेमके 100 येते. परंतु पंप मंदावून प्रत्यक्षात 0.9 घनमीटरच हवा ओढत असेल, तर खरे प्रमाण सुमारे 111 असते. म्हणजे मर्यादा ओलांडलेली असूनही अहवाल तसे सांगत नाही आणि त्या हवेत श्वास घेणाऱ्या कामगाराला चुकीचा दिलासा मिळतो. म्हणूनच ‘यंत्र चालू स्थितीत मिळावे’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. प्रवाहमापनाचा दाखलाही मागितला पाहिजे.

4.3 दोन वाक्यांची तुलना

(अ) यंत्राची योग्य ती काळजी घेण्यात येईल.
(आ) यंत्र आमच्या ताब्यात असेपर्यंत त्यात बिघाड झाल्यास दुरुस्तीचा खर्च आमचा विभाग करील.

पहिले वाक्य विनम्र आहे. पण काळजी कोण घेणार, हे ते सांगत नाही. कार्यालयीन मराठीत ‘करण्यात येईल’ ही रचना रूढ आहे. जेथे जबाबदारीचा प्रश्न असतो, तेथे मात्र कर्ता स्पष्ट असावा. दुसऱ्या वाक्यात तो आहे.

4.4 नमुना

*मा. विभागप्रमुख यांस,*

*विषय : धूलिकणमापन यंत्र आठ दिवसांसाठी उसने मिळणेबाबत.*

*महोदय,*

*कागल औद्योगिक वसाहतीतील हवेच्या अभ्यासासाठी आपल्याकडील रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर दि. 5 ते 12 जानेवारी या काळात मिळावा, ही विनंती. सोबत प्रवाहमापनाच्या अलीकडील दाखल्याची प्रत द्यावी. यंत्राची ने-आण आम्ही करू. बिघाड झाल्यास दुरुस्तीचा खर्च आमचा विभाग करील. दि. 13 रोजी यंत्र आपल्या प्रयोगशाळेत परत पोहोचवू. नेताना व परत करताना यंत्राची स्थिती उभयतांच्या सहीने नोंदवावी.*

*आपला विश्वासू,*
*(सही व पदनाम)*

4.5 सारांश

उसनवारीच्या पत्रात वस्तू, हेतू, मुदत, स्थिती आणि जबाबदारी या पाच बाबी स्पष्ट असाव्यात. सौजन्य आवश्यक आहेच. परंतु ते संदिग्धतेला पर्याय ठरत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. ‘काही दिवसांसाठी यंत्र मिळावे’ या वाक्यातील उणिवा सांगून ते पुन्हा लिहा.
2. यंत्र परत करताना पाठवावयाच्या आभारपत्राचा मसुदा तयार करा.