संस्थेचे दुसरे दार

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून कृष्णा वाहते. तिच्या काठच्या गावांतून तुम्ही हिंडलात, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. येथे लोकांनी उभारलेल्या संस्था पुष्कळ आहेत. कोठे वाचनालय, कोठे वसतिगृह, कोठे व्यायामशाळा. त्या कोणी नफ्यासाठी काढलेल्या नाहीत. कोणी जागा दिली, कोणी वर्गणी दिली, कोणी आपले सारे आयुष्य दिले, आणि संस्था उभी राहिली.

अशा संस्थांच्या उभारणीत विद्यार्थ्यांचाही वाटा असतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. स्वयंपाक करावा, पाणी भरावे, शेतात राबावे आणि शिकावे, असा त्यांचा दिनक्रम असे. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण आज सहज उच्चारतो. त्यांच्यामागे ही कहाणी आहे.

परंतु संस्था नुसती असून भागत नाही. ती आहे हे लोकांस कळावे लागते. भाऊराव त्यासाठी गावोगाव हिंडत व हुशार पण गरीब मुलांचा शोध घेत. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने आपली वार्ता दूरच्या लोकांस कळावी म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. त्याचेच पुढे मोठे मासिक झाले. प्रत्येक काळाची निरोप धाडण्याची रीत निराळी. आज परगावचा मनुष्य एखाद्या संस्थेकडे यावयाचा असेल, तर तो आधी खिशातला मोबाईल काढून तिचे नाव शोधतो. तेथे जे पान उघडते, त्यास आपण संकेतस्थळ म्हणतो. संस्थेचे एक दार रस्त्यावर असते; हे तिचे दुसरे दार होय.

हे दार सर्वांना सारखे खुले आहे, याचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत तयार केले, आणि १९९१ साली ते जगापुढे आले. दोन वर्षांनी, १९९३ साली, ही विद्या कोणीही विनामूल्य वापरावी असे सर्नने जाहीर केले. म्हणून मोठ्या बँकेचे संकेतस्थळ असू शकते, तसेच खेड्यातील वाचनालयाचेही असू शकते.

आपल्याच भागातील दोन उदाहरणे पाहा. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याचे जाडजूड खंड विकत घेणे सामान्य कुटुंबास कठीण. पण आता ते ज्ञान संकेतस्थळावर कोणासही फुकट वाचता येते. दुसरे उदाहरण पाचगणीजवळच्या भिलार गावाचे. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत आणि पाहुण्याने कोठेही बसून वाचावे, अशी सोय आहे. ही कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून सुचली. दूरचा वाचक तेथे जाण्याचे ठरवतो, तो आधी घरी बसून, माहिती वाचूनच.

हे झाले शासनाने उचलून धरलेल्या मोठ्या कामांविषयी. लहान संस्थांजवळ ना पैसा असतो, ना जाणता माणूस. त्यांचे दुसरे दार पुष्कळदा अर्धवट उघडे, नाहीतर गंजलेले असते. माझ्या परिचयाच्या अशाच एका वाचनालयाचा वृत्तान्त आता सांगतो. ते सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी आहे. त्याच्या समितीत प्रस्तुत लेखकही होता, तेव्हा पुढे जी चूक सांगितली आहे, तिच्यात त्याचाही वाटा आहे.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेस महापूर आला. वाचनालयात कमरेइतके पाणी शिरले. खालच्या तीन फळ्यांवरील पुस्तकांचा चिखल झाला. या गावात लहानाचे मोठे झालेले एक गृहस्थ तेव्हा मुंबईस राहत होते. त्यांच्या वडिलांनी जमविलेली चांगली चारशे पुस्तके घरात होती. ती आपल्या जुन्या वाचनालयास द्यावीत, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी संकेतस्थळ उघडले, तो तेथे पुराची अक्षरानेही वार्ता नाही. त्यावरील दूरध्वनी क्रमांक बंद पडून चार वर्षे झाली होती. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि अखेर ती पुस्तके दुसरीकडे दिली. हे आम्हांस कळले ते दीड वर्षाने, एका लग्नाच्या मांडवात! ग्रंथपालबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग ते संकेतस्थळ होते तरी कसे? वर रंगीत अक्षरे सरकत होती. मध्यभागी अध्यक्षांचे मोठे छायाचित्र होते. ते घालावे, या ठरावावर माझीही सही आहे. खाली एका तळ्याचे चित्र होते, ते कोठले हे कोणासच ठाऊक नव्हते. वाचनालय केव्हा उघडते, एवढे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते.

साथीच्या रोगामुळे बंद पडलेली महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर सांगलीच्या एका महाविद्यालयातील पाच विद्यार्थी, तीन मुली व दोन मुले, आमच्याकडे आले. राष्ट्रीय सेवा योजनेचे नाव तुम्ही ऐकले असेल. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती सुरू झाली. या योजनेतील विद्यार्थी रस्ते बांधतात, झाडे लावतात. या पाच जणांनी ठरविले की, आपण फावड्याऐवजी संगणक हाती घ्यावा.

मला वाटले, ही मुले आल्याबरोबर संगणक उघडून बसतील. पण त्यांनी तसे केले नाही. गटाची प्रमुख असलेली मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही आज नुसते कोपऱ्यात बसतो. येणारे लोक काय विचारतात, तेवढे टिपून घेतो." तीन दिवस त्यांनी वही भरली. वाचनालय कधी उघडते? वर्गणी किती? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी अभ्यासिकेत जागा आहे का? जुन्या पोथ्या पाहावयास मिळतील का? अध्यक्षांचे नाव कोणीही विचारले नाही. ही वही वाचताना समितीतील आम्ही वडीलधारी मंडळी जरा खाली मान घालून बसलो होतो.

नंतर त्यांनी सातवीतल्या एका मुलास बोलावले आणि म्हटले, "या मोबाईलवर हे वाचनालय शोधून दाखव." त्याने मराठीत नाव टंकले. पुष्कळ संस्था दिसल्या, आमची दिसेना. असे का झाले?

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. आपण मोबाईलवर शब्द लिहिला की शोधयंत्र ठिकठिकाणच्या पानांवरील मजकुराची आधीच करून ठेवलेली सूची धुंडाळते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखीच ती असते. पूर्वी संगणकास मराठी अक्षरांची ओळख नव्हती. तेव्हा लोकांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसविला. पडद्यावर 'क' दिसे; संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षर वा एखादे चिन्ह असे. आमचे संकेतस्थळ याच पद्धतीने लिहिलेले होते. माणसास ते मराठी वाटे, यंत्रास निरर्थक अक्षरांचा ढीग! यावर युनिकोड हा उपाय आहे. त्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात स्थान मिळाले. 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे, आणि तो जगातील सर्व संगणकांवर तोच राहतो.

मुलांनी सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकला. सूचनाफलकांची नुसती छायाचित्रे लावलेली होती; तीही काढून त्यांतील शब्द लिहून काढले. चित्रातील अक्षरे शोधयंत्रास सहसा नीट कळत नाहीत. शिवाय अंध व्यक्ती संगणकाकडून मजकूर मोठ्याने वाचून घेतात. पानावर फक्त चित्र असेल, तर संगणक तेथे मुका होतो. म्हणून प्रत्येक छायाचित्राच्या मागे 'वाचनालयाची इमारत, डावीकडे जिना' असे वर्णन जोडले. छायाचित्रेही आकाराने हलकी केली, कारण खेड्यातील मंद जोडणीवर जड चित्र उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जातो.

कामात मतभेदही झाले. एका मुलाने मोठ्या उत्साहाने लिहिले, 'महाराष्ट्रातील सर्वोत्कृष्ट वाचनालय'. ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, "बाळ, आपण सर्वोत्कृष्ट नाही. आपल्याकडे छप्पर गळते. जेवढे आहे, तेवढेच लिही." मग त्या ठिकाणी असे लिहिण्यात आले: 'पुरात भिजलेल्या पुस्तकांची यादी येथे आहे. यांतील पुस्तके कोणाकडे असल्यास आम्हांस हवी आहेत.' मला विचाराल, तर साऱ्या संकेतस्थळावर याहून चांगले वाक्य नाही.

त्याच मुलाने पुढे आणखी एक चूक केली. पान किती वेळा उघडले गेले, हे दाखविणारा आकडा एका आठवड्यात दोन हजारांवर गेला. आम्ही सर्व हरखलो. चौकशी केली, तेव्हा कळले की वसतिगृहातील त्याचे मित्र रात्री बसून तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होते. गटाची प्रमुख त्याला रागे भरली नाही. तिने फक्त विचारले, "यांतले पायऱ्या चढून वर किती आले?" दुसऱ्या दिवशी त्यानेच दाराजवळच्या नोंदवहीत एक नवा रकाना आखला: 'आपणांस वाचनालयाची माहिती कोठून मिळाली?' पहिल्या महिन्यात त्या रकान्यात 'संकेतस्थळ' असे नऊ जणांनी लिहिले. ते नऊ आकडे नव्हते, नऊ माणसे होती. त्यांतील एक जण मिरजेहून जुनी नाट्यपुस्तके पाहावयास आला होता.

सर्वांत अधिक वेळ लागला तो निराळ्याच कामास. जुने संकेतस्थळ ज्याने केले, तो परदेशी गेला होता आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, फक्त त्यालाच ठाऊक होता. संकेतस्थळाचे नावही त्याच्याच नावे नोंदलेले. असे नाव दरसाल पैसे भरून चालू ठेवावे लागते. मुदत चुकली की ते हातचे जाते. मुलांनी पत्रव्यवहार करून सर्व काही संस्थेच्या नावे करून घेतले. पासवर्ड बंद पाकिटात घालून तो कपाटात ठेवला. नंतर त्यांनी ग्रंथपालबाईंना शिकविण्यास आरंभ केला. बाईंचे वय सत्तावन्न. माऊस हाती धरताना त्यांचा हात थरथरे. "मला नाही जमायचे ग," असे त्या दर दिवशी एकदा तरी म्हणत. मुलींनी एका वहीत मोठ्या अक्षरांत मराठीत पायरीपायरीने सर्व लिहून दिले आणि जाण्याच्या दिवशी स्वतः एकही कळ न दाबता बाईंकडूनच सुट्ट्यांची यादी घालून घेतली.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडण्यात आले आणि कृष्णा पुन्हा चढू लागली. मी त्या वेळी परगावी मुलीकडे होतो. रात्री साडेदहाला सहज मोबाईलवर वाचनालयाचे पान उघडले, तो अगदी वर दोन ओळी दिसल्या: 'पाणी वाढत आहे. खालच्या फळ्यांवरील पुस्तके माडीवर न्यावयाची आहेत. उद्या सकाळी सहा वाजता हात हवेत.' खाली बाईंचा चालू असलेला क्रमांक होता. एका शब्दात वेलांटी चुकली होती. शेवटी मी तिथल्या एका शिक्षकास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "सर, मी निघालोच आहे. तिथे आधीच बारा-तेरा माणसे जमली आहेत, आणि सांगलीहून ती पाच मुलेही पहिल्या बसने येत आहेत."

अभ्यास

१. संकेतस्थळास लेखकाने 'दुसरे दार' का म्हटले आहे?
२. मुंबईच्या गृहस्थांची पुस्तके वाचनालयास का मिळाली नाहीत?
३. 'यांतले पायऱ्या चढून वर किती आले?' या प्रश्नाने त्या मुलास काय उमगले असेल?
४. तुमच्या गावातील एखाद्या वाचनालयात वा संस्थेत एक तास बसा. तेथे येणारे लोक कोणते प्रश्न विचारतात, ते वहीत टिपून वर्गात वाचून दाखवा.