यंत्र कोसळले तरी गाणे उरावे

घरच्या घरी गाणे मुद्रित करण्याचा छंद ज्यांना उतारवयात जडतो, त्यांच्या पदरी पहिल्या वर्षात जेवढे स्वर पडतात त्याहून अधिक तक्रारी पडतात, असे माझे मत झाले आहे. आणि त्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ एकाच प्रश्नात असते की, मध्येच बंद न पडणारे, पडदा गोठवून न बसणारे आणि मुद्रित केलेले गिळंकृत न करणारे सॉफ्टवेअर कोणते? महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात गेल्यामुळे, खातरजमा केल्यावाचून कोणत्याही प्रकरणावर शेरा मारायचा नाही ही सवय माझ्या अंगवळणी पडलेली आहे. तेव्हा या प्रश्नाचीही मी आपल्या परीने चौकशी केली, आणि तिचा निष्कर्ष माझ्या अपेक्षेहून थोडा निराळा निघाला, म्हणून ही कैफियत.

पुसेगाव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांची यात्रा उभी राहते. आमचे पुसेगाव ते नव्हे. आमचे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या, पुढे परभणी जिल्ह्यात मोडणाऱ्या आणि १ मे १९९९ पासून हिंगोलीच्या दप्तरी नोंदल्या गेलेल्या मुलखातले. सोयाबीन आणि हळद ही या भागाची दौलत. आणि संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात असल्यामुळे भजनाची दौलतही काही कमी नाही. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालतो तेव्हा म्हातारी माणसे ज्या चालींत अभंग आणि गवळणी म्हणतात, त्यांतील कित्येक चाली कोणत्याही पुस्तकात नाहीत आणि पुढच्या पिढीच्या गळ्यातही उतरलेल्या नाहीत. त्या टिपून ठेवाव्यात एवढ्याच हेतूने मी एक लॅपटॉप, एक माइक आणि यूएसबीने जोडायचा एक छोटा ऑडिओ इंटरफेस अशी सामग्री जमवली.

आमच्या मंडळात नव्वदीकडे झुकलेले एक विणेकरी आहेत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. एका कार्तिकी पहाटे त्यांचा गळा असा काही लागला होता की, पखवाज वाजवणाऱ्या पोरानेसुद्धा हात हलका केला. गवळण संपत आली, आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली आणि लगेच परत आली. खोलीतला दिवा लवला न लवला तोच लॅपटॉपवरची ध्वनिरेषा जागच्या जागी थिजली आणि सॉफ्टवेअर प्रतिसाद देत नसल्याची ती ओळखीची पाटी झळकली. मी म्हटले, "आबा, जरा थांबा." त्यावर आबा शांतपणे म्हणाले, "थांबतो की. पर माझं गाणं कुठं गेलं, ते आधी सांगा."

त्या सॉफ्टवेअरचे नाव मी येथे घेत नाही, कारण ज्या दुकानदाराने ते संगणकात 'भरून' दिले होते त्याने ते परवान्याचे कुलूप तोडून दिलेले होते, असे मागाहून निष्पन्न झाले. आणि चोरून आणलेल्या मालाच्या गुणदोषांबद्दल मूळ मालकाला जाब विचारणे न्यायाला धरून नाही. एवढे मात्र सर्वांना बजावून सांगतो की, असे कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर आणि तशीच तोडलेली प्लगइन्स ही घरगुती ध्वनिमुद्रणातील कोसळण्याची फार मोठी आणि फार क्वचित कबूल केली जाणारी कारणे आहेत. ज्याने कुलूप तोडले त्याने आत आणखी काय मोडले, याचा दाखला कोणापाशीच नसतो.

संगणक बळेच बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जे दिसले ते विचार करायला लावणारे होते. प्रकल्पाची फाइल उघडेना. परंतु फोल्डरात गाण्याची वेव्ह फाइल जागेवर होती, तिचा आकार तीनशे एमबींहून अधिक होता, आणि तरीही वाजवू जाता तिची लांबी शून्य दाखवली जात होती. आता २४ बिट आणि ४८,००० नमुने या मापाने एका माइकचा आवाज मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेतो. म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक गाणे त्या फाइलीत असलेच पाहिजे, हे हिशेबाने उघड होते. गोम अशी की, वेव्ह फाइलीच्या आरंभी साधारणतः ४४ बाइटांचा एक मथळा असतो, त्यात आतील मजकूर किती लांब आहे हे लिहिलेले असते, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरे हा आकडा मुद्रण रीतसर थांबवल्यावरच भरतात. मुद्रण मध्येच तुटले की आकड्याची जागा कोरी राहते आणि वाजवणारे यंत्र भाबडेपणाने त्या कोऱ्या जागेवर विश्वास ठेवते.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेनूतील इम्पोर्टखाली 'रॉ डेटा' असा एक पर्याय आहे. तो निवडून २४ बिट, लिटल एंडियन, मोनो, ४८,००० असे आपल्या मुद्रणाचे माप भरावे आणि आरंभीचे ४४ बाइट वगळायला सांगावे, म्हणजे मथळ्याकडे दुर्लक्ष करून आतला आवाज जसाच्या तसा उचलला जातो. माप चुकले तर गाण्याऐवजी पत्र्यावर पाऊस पडावा तसा खरखराट ऐकू येतो. तेवढ्याने घाबरून जाऊ नये. काही सॉफ्टवेअरे मथळा अधिक लांब लिहितात, आणि २४ बिटांत प्रत्येक नमुना तीन बाइटांचा असल्यामुळे एका बाइटाची चूकही सारे बिघडवते. म्हणून वगळायचा आकडा एकाने, फार तर दोनाने वाढवून पाहावा. आमच्या बाबतीत ४४ वरच आबांचा आवाज स्वच्छ उमटला. गवळणीचे शेवटचे चरण मात्र, जे डिस्कवर उतरण्यापूर्वी स्मृतीतच अडकले होते, ते कायमचे गेले.

कारणाचा शोध घेता असे आढळले की, इंटरफेस लॅपटॉपला थेट न जोडता स्वतंत्र ॲडॉप्टरवर चालणाऱ्या एका यूएसबी हबमधून जोडलेला होता. वीज लवली त्या क्षणी लॅपटॉप बॅटरीवर तगला, हब मात्र विझला, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने माइक एकाएकी अंतर्धान पावला. समंजस सॉफ्टवेअर अशा वेळी थांबते, तसे सांगते आणि तोवरचे जपून ठेवते. हे गोठून बसले. तात्पर्य, दोष दोघांचा होता, आणि निम्मा दोष ज्याचा, त्या हबकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तेव्हापासून इंटरफेस थेट लॅपटॉपच्या खोबणीत बसतो, आणि वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी मध्येच झोपवते ती सोय मी बंद करवून घेतली आहे.

आमच्याकडच्या विजेने दुसराही एक पेच निर्माण केला आहे. घरातील अर्थिंग धड नसले म्हणजे चार्जर लावलेला असताना माइकमधून ५० हर्ट्झची मंद घरघर सतत येते, चार्जर काढला की ती नाहीशी होते. म्हणून जाणकार बॅटरीवर मुद्रण करण्याचा सल्ला देतात. परंतु बॅटरीवर येताच पुष्कळ लॅपटॉप काटकसरीचे धोरण स्वीकारून प्रोसेसरचा वेग उतरवतात, आणि मग आवाज तुटक होतो, टकटक येते, क्वचित सारेच बंद पडते. बॅटरीवरदेखील पूर्ण वेग राहील अशी तजवीज सेटिंगमध्ये आधी केली तरच त्या सल्ल्याला अर्थ आहे. शिवाय मराठवाड्यातला वैशाख आहेच: पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद, पत्र्याच्या खोलीत माणूस घामाघूम आणि लॅपटॉप तापून आपोआप मंद. मुद्रणाची वेळ पहाटेची ठेवावी, हा काकड्याचा रिवाज यंत्रशास्त्रालाही मानवतो.

बफर हा शब्द ऐकून अनेकजण दचकतात, पण प्रकरण साधे आहे. आवाजाचे किती नमुने एकत्र जमले की संगणकाने ते उचलावेत, तो आकडा म्हणजे बफर. ४८,००० नमुन्यांच्या मापाने २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५.३ सहस्रांश सेकंदांची मुदत, आणि १०२४ चा म्हणजे २१.३ सहस्रांशांची, मुदत जितकी तोकडी तितका संगणकामागे तगादा अधिक. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इंटरफेसच्याच 'डायरेक्ट मॉनिटर' बटणातून ऐकवता येत असेल, तर तोकड्या बफरचा अट्टाहास कशाला? जुन्या लॅपटॉपावर मी बेलाशक १०२४ ठेवतो. ड्रायव्हर मात्र इंटरफेस बनवणाऱ्यानेच दिलेला, एएसआयओ पद्धतीचा असावा; ही पद्धत जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणली आणि विंडोजवर आजही तीच अधिक भरवशाची आहे.

आता सॉफ्टवेअरांविषयी. एकट्या गळ्याचे किंवा एका पेटीचे मुद्रण करणाऱ्यास ऑडॅसिटी पुरते. ते फुकट आहे, साधे आहे, आणि कोसळले तर पुढच्या खेपेस अपुरे काम परत उभे करू का, असे विचारते. २०२१ पासून ते सारा प्रकल्प एकाच डेटाबेस फाइलीत ठेवते. त्यामुळे फाइली विखुरण्याचे जुने दुखणे गेले, पण त्या एका फाइलीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवणे अधिक अगत्याचे झाले. विणा, पखवाज, टाळ, धरकरी असे अनेक ट्रॅक वेगळे घ्यायचे असतील तर माझा कौल रीपरला आहे. ज्यांनी एके काळी संगणकावर विनॅम्प लावून गाणी ऐकली असतील त्यांना हे सांगायला हरकत नाही की, विनॅम्पचा कर्ता जस्टिन फ्रँकेल हाच रीपरचाही कर्ता. हे सॉफ्टवेअर आकाराने लहान असल्यामुळे आमच्या गावच्या नेटवर्कवरही उतरते, ६० दिवस विनामूल्य पारखता येते, आणि नंतर व्यक्तिगत परवाना ६० डॉलरांना मिळतो. मला त्याचे दोन गुण मोलाचे वाटतात. एखादे प्लगइन बेभरवशाचे असेल तर ते वेगळ्या कोठडीत चालवता येते, म्हणजे ते कोसळले तरी यजमान उभा राहतो. आणि प्रत्येक ट्रॅक मुद्रण चालू असतानाच साध्या वेव्ह फाइलीच्या रूपाने डिस्कवर उतरत जातो, तर प्रकल्पाची फाइल निव्वळ वाचता येण्याजोग्या मजकुराची असते. माझ्या खात्याच्या भाषेत बोलायचे तर प्रकल्पाची फाइल हा गावचा नकाशा आणि वेव्ह फाइली ही जमीन. नकाशा जळाला तरी पुन्हा मोजणी करता येते. लिनक्स वापरणाऱ्यांना पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले आर्डर असेच उपयोगी पडेल.

नामांकित सॉफ्टवेअर घेतले की निर्धास्त झालो, असे मानणाऱ्यांनी केकवॉक कंपनीचा इतिहास आठवावा. सोनार हे त्यांचे नाणावलेले सॉफ्टवेअर; परंतु नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉकची मालक असलेल्या गिब्सन कंपनीने त्याचे पुढचे काम थांबवल्याचे जाहीर केले, आणि २०१८ च्या आरंभी बँडलॅबने ते विकत घेईपर्यंत पैसे मोजलेले ग्राहक अधांतरी राहिले. म्हणून प्रत्येक काम पुरे झाले की प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत साध्या वेव्ह फाइलीत उतरवून वेगळा ठेवावा. ओवी-संग्राहक गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांचे गळेही त्यांनी टिपले, आणि बर्नार्ड बेल यांनी त्या संग्रहाला संगणकीय शिस्त लावली. पॉइत्वाँ आणि राईरकर हे दोघेही आता हयात नाहीत, परंतु संग्रह लोकांना ऐकता येतो. मूळ ध्वनी आणि त्याची नोंद वाचता येण्याजोग्या स्वरूपात राहिली नसती, तर केवळ त्या काळच्या यंत्रांच्या भरवशावर हे घडते ना.

ज्या दिवशी सर्व सुरळीत चालले त्या दिवसाची व्यवस्था मोडू नये, हेही सांगून ठेवतो. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला म्हणून अनेकांनी चालते संगणक मोडीत काढले. माझ्या मते इंटरनेटपासून तोडून केवळ मुद्रणापुरता ठेवलेला जुना संगणक हा अद्ययावत होण्याच्या हव्यासात दर आठवड्याला स्वतः पुन्हा सुरू होणाऱ्या नव्या संगणकापेक्षा बरा. आणि आपला मोबाइल, विमानाची खूण दाबून, आवाज मुद्रित करण्याचे त्यातले साधे ॲप चालू करून, गायकाशेजारी साक्षीदार म्हणून ठेवायला विसरू नये; त्याचा आवाज उणा असेल, पण तो सहसा फितूर होत नाही.

राहता राहिली सॉफ्टवेअरची परीक्षा. ती गायकावर करू नये, घड्याळावर करावी. रिकामा प्रकल्प आधी नाव देऊन जतन करावा, कारण निनावी प्रकल्पाचे मुद्रण पुष्कळदा तात्पुरत्या फोल्डरात पडते आणि तेथून पुसलेही जाते. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक अर्धा तास मुद्रित करावी, आणि मुद्रण चालू असतानाच प्रथम इंटरफेसची वायर उपटावी, दुसऱ्या खेपेस टास्क मॅनेजरमधून सॉफ्टवेअरच बळेच बंद करावे. त्यानंतर फोल्डर उघडून काय उरले ते पाहावे. ज्याने वायर उपटल्यावर तोवरचे सारे राखले आणि बळेच बंद केल्यावर शेवटच्या काही सेकंदांपलीकडे काही गमावले नाही, ते सॉफ्टवेअर घरात ठेवण्याजोगे. मग त्याचे नाव कोणतेही असो. ही परीक्षा पार पडेपर्यंत गावातल्या कोणा आबांना पहाटे चहाला बोलावू नका.