कोळंबीतलं औषध उकळून जातं का?

मिरकरवाड्याचा बांगडा घेताना कुणी शंका काढत नाही. पण तळ्यातली कोळंबी किंवा रोहू दिसला की आपल्या भगिनी आम्हाला विचारतात, "ह्याला औषध मारलेलं असतं म्हणे, खरं का?"

समुद्रात धरलेल्या मासळीला कुणी औषध घालत नाही. बांगडा, तारली बिनधास्त खा. स्वस्त आहे आणि पौष्टिकही. प्रश्न पाळलेल्या मासळीचा. तळ्यात दाटी झाली, पाणी बिघडलं की रोग पसरतो आणि काही जण खाद्यातून अँटिबायोटिक देतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलं तर मासळी काढण्याआधी काही दिवस ते बंद ठेवावं लागतं, म्हणजे अंगातून उतरतं. त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मात्र साफ बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित एखाद्याच्या शरीरात रक्त तयार होणंच थांबतं, आणि किती थोडं घेतलं तर धोका नाही हे सांगता येत नाही. नायट्रोफ्युरानचा अंश शिजवून, तळूनही बराचसा तसाच राहतो. चांगलं उकळल्याने जंतू मरतात, औषध जाईलच असं नाही.

डोळ्यांना, नाकाला हे कळत नाही, प्रयोगशाळाच लागते. परदेशी जाणाऱ्या कोळंबीचा नमुना तळ्यातून काढण्याआधीच तपासतात. त्यावरही युरोपने २०१६ साली भारतातून येणाऱ्या पाळीव मासळीच्या शंभर खेपांतल्या १० ऐवजी ५० तपासायला सुरुवात केली. आपल्या बाजारात अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेऊ शकतात, पण प्रत्येक खेप तपासलीच पाहिजे अशी सक्ती नाही. साहेबाच्या ताटाला एक माप, आपल्या ताटाला दुसरं!

म्हणून हे लक्षात ठेवा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे विकत घेणारा माणूसही फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो. घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. अहवाल चौदा दिवसांत मिळायला हवा, आणि माल सदोष निघाला तर फी परत मिळते. एका घराला ती फी जड जाईल. महिला मंडळाने वर्गणी काढून वर्षातून एखादा नमुना द्यायला काय हरकत आहे? चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या रत्नागिरी कार्यालयात करा.

आणि मासे विकणाऱ्या मावशीशी भांडू नका. तळ्यात काय घातलं, हे तिलाही कुणी सांगितलेलं नसतं.