घराबाहेरची खोली

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो अन् रात्री ते खोलीत सोडतो. म्हणून स्वतःचं घर असूनही आम्ही संध्याकाळी किल्ल्याच्या बागेत, सिद्धेश्वर तलावाकाठी. पण रोज तिकडे कोण जाणार? कॉलनीतच ‘ओपन स्पेस’ हवी.

२०२० च्या राज्य नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा मोठ्या लेआऊटमध्ये साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ४००० चौ.मी.ला ४००. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९, म्हणजे १६२; आजोबांच्या बाकांनाही जागा उरते!

आमच्याकडे तिथं वाळूचे ढीग होते. बाबांनी मंजूर नकाशाची नक्कल काढून शेजाऱ्यांना दाखवली, तेव्हा कुठं ते हलले. आता कडुनिंबाखाली आई भाजी निवडते.