कॅल्शियमच्या आकड्यामागे धावू नकोस

चि. निनाद,

तुझ्या प्रवाळांच्या टाकीतलं कॅल्शियम ३८० पीपीएमवर आलंय, ते एका रात्रीत ४५० वर कसं न्यावं, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर आधीच सांगते: नेऊ नकोस. प्रवाळ रोज पाण्यातून सांगाड्यासाठी जेवढं घेतात, तेवढंच रोज परत द्यायचं, हेच खरं कॅल्शियम सांभाळणं. आणि ते रोजचं माप कॅल्शियमच्या किटवर नव्हे, अल्कलिनिटीच्या किटवर दिसतं.

कठीण प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि त्यात कॅल्शियम व कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणातच बसतात. पाण्यातून २० पीपीएम कॅल्शियम गेलं की त्याबरोबर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, २.८ डीकेएचने उतरतेच. पण समुद्राच्या पाण्यात दोन्हींचा साठा सारखा नाही. कॅल्शियम असतं सुमारे ४२० पीपीएम, अल्कलिनिटी जेमतेम ७ डीकेएच. आपण टाकीत ती ८ च्या आसपास ठेवतो. समज, तुझे प्रवाळ रोज १ डीकेएच घेतात आणि तू आठवडाभर काहीच घातलं नाहीस. हिशेबाने कॅल्शियम ४२० वरून ३७० वर येईल, म्हणजे बारा टक्के घटेल. अल्कलिनिटी मात्र ८ वरून १ वर येईल, आणि तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी प्रवाळांची वाढ खुंटलेली असेल. शिवाय घरगुती कॅल्शियम किटची चूकच १०-२० पीपीएमची असते. जांभळा रंग निळा नेमका कुठल्या थेंबाला झाला, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. रोजची सात पीपीएमची घट त्या चुकीत बुडून जाते. अल्कलिनिटीतली एका अंकाची घट लपत नाही.

तुझ्या ३८० बद्दल आणखी एक शंका आहे. मीठ कमी पडलं तर त्या पाण्यातलं सगळंच त्या प्रमाणात कमी होतं. ३५ च्या खारटपणाला ४२० असलेलं कॅल्शियम ३२ ला ३८४ होतं. म्हणजे तुझ्या टाकीत कॅल्शियम कमी नसून मीठच कमी असू शकतं, आणि तसं असताना कॅल्शियम ओतलंस तर एक चूक झाकायला दुसरी केल्यासारखं होईल. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नव्हे, ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घे आणि मगच पुढचं बोलू.

तू म्हणशील, कॅल्शियम जास्त असलं तर प्रवाळ जोमाने वाढतील, मग ४५० ठेवायला काय हरकत? या प्रश्नावर चांगलं संशोधन झालेलं आहे. १९९८ मध्ये गाट्टुसो आणि सहकाऱ्यांनी स्टायलोफोरा जातीच्या प्रवाळाभोवतीच्या पाण्यातलं कॅल्शियम कमी-जास्त करून त्याची अॅरागोनाइट-संपृक्तता (अॅरागोनाइट म्हणजे सांगाड्यातलं कॅल्शियम कार्बोनेट) बदलून पाहिली. ती ९८ टक्क्यांवरून ३९० टक्क्यांवर नेली तेव्हा सांगाडा बांधण्याचा वेग जवळपास तिप्पट झाला. त्यापुढे वाढवूनही वेग वाढला नाही. हे ३९० टक्के म्हणजे उष्ण कटिबंधातल्या समुद्राची आजची नेहमीची पातळी. जे समुद्रात आहे तेच पुरेसं आहे. त्याहून वर गेलास तर तोटा मात्र नक्की होऊ शकतो. हे पाणी मुळातच अतिसंपृक्त आहे. मॅग्नेशियम, सुमारे १३०० पीपीएम, चुनखडीच्या स्फटिकांची वाढ अडवून धरतं म्हणून ते टिकतं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही वर ढकलल्या, किंवा मॅग्नेशियम घटलं, की हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा थर चढू लागतो. तू घातलेलं कॅल्शियम तिथे जातं, आणि जाताना अल्कलिनिटीही घेऊन जातं. कितीही घातलं तरी कॅल्शियम वर येत नाही, अशी तक्रार असते तेव्हा आधी मॅग्नेशियम मोजावं.

दुसरा आक्षेप असा की आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं. मऊ प्रवाळांच्या टाकीत ते बरोबरही आहे. वरच्या हिशेबात मात्र ३७० च्या टाकीत ४२० चं दहा टक्के पाणी घातलंस तर पाच पीपीएम परत येतील. गेले आहेत पन्नास. भरपाई रोजच करावी लागते. २०० लिटरच्या टाकीत रोज १ डीकेएच खर्च होत असेल तर सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि सव्वापाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालणार नाही. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळव आणि वेगवेगळ्या वेळी, जोराच्या प्रवाहात, थोडं थोडं घाल; एकाच जागी एकदम घातलंस तर पाणी तिथेच दुधाळ होईल. या पद्धतीत मागे मीठ उरतं, या मापाने महिन्याला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणून पाणी बदलणं सुटत नाही आणि खारटपणा मोजत राहावा लागतो.

तुझ्याकडे न्यू जर्सीत थंडीभर खिडक्या बंद, त्यामुळे घरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच उतरतो. तिथे मला चुन्याची निवळी अधिक पटते. ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नेमक्या हव्या त्या प्रमाणात देते, पीएच वर उचलते आणि मागे मीठ ठेवत नाही. लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं. पानाचा चुना वापरू नकोस, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घाल, भांडं झाकून ठेव, आणि पीएच सगळ्यात खाली असतो तेव्हा, रात्री, थेंबथेंब सोड. मर्यादा एकच: रोज जेवढं पाणी वाफ होऊन जातं तेवढीच निवळी घालता येते. खप त्यापुढे गेला की सोडा आणि क्लोराइडची जोड द्यावी लागेल.

खारटपणा बरोबर निघाला आणि तरीही कॅल्शियम ३८० च असलं, तर ते एकदाच वेगळं भरून काढ, दिवसाला १०-२० पीपीएमच्या बेताने, ४२० पर्यंत. घाई नाही, ३८० वर प्रवाळ मरत नाहीत. अल्कलिनिटी एका दिवसात दोन-तीन अंकांनी हलली तर मात्र मरू शकतात.

आपल्याकडे कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मालवणच्या समुद्रातला एक तुकडाही घरी आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तुला तिथे ते पाळायची मुभा आहे, तर मोजमापाचा कंटाळा करू नकोस. कॅल्शियमची बाटली आज कपाटात ठेव. चार दिवस काहीही न घालता, रोज त्याच वेळी, अल्कलिनिटी मोज. ७ च्या खाली गेली तर तिथेच थांब. सोबत खारटपणा आणि मॅग्नेशियम एकदा पाहा. ते आकडे मला कळव, मग रोजचं माप आपण मिळून ठरवू.

तुझी आत्या