भाडेकरूशी बोलल्याशिवाय टोकन देऊ नका

हैदराबादच्या कुकटपल्लीत भाडेकरूसकट फ्लॅट विकायला काढणारा मालक आणि त्याचा दलाल एकच पालुपद लावतात: मेट्रो जवळ, हायटेक सिटी हाकेच्या अंतरावर, भाडं पहिल्या महिन्यापासून सुरू. भाडेकरूशी मात्र गाठ घालून देत नाहीत. ‘त्याला आत्ताच कशाला त्रास?’ म्हणतात. हात पोळलेला माणूस हे शांतपणे लिहू शकत नाही. पण माझा राग वजा केला तरी मुद्दा तोच उरतो. अशा व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार तो भाडेकरू असतो, आणि विकणारा नेमकं त्यालाच लपवतो.

कायदाही इथे खरेदीदाराच्या बाजूने नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 3 असं सांगतं, की जागा प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्याचा तिच्यावर काही हक्क असेल तर तो घेणाऱ्याला ठाऊक होता असं धरलं जाईल. भाडेकरूने मालकाशी आधीच खरेदीचा करार केला होता, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हेच सांगितलं: नंतर घेणाऱ्याने त्याच्याकडे चौकशी करायला हवी होती. मालकीतला दोष सांगणं कलम 55प्रमाणे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, पण साधी काळजी घेऊन कळण्याजोगा दोष त्यात येत नाही. म्हणजे गप्प बसला तो, आणि जबाबदारी आपली. मला हे अजून पटलेलं नाही, पण कायदा असा आहे.

‘ईसी स्वच्छ आहे, बँकेने कर्ज मंजूर केलंय, आणखी काय हवं?’ असं विचारणारे भेटतील. ईसीत, म्हणजे बोजा प्रमाणपत्रात, फक्त नोंदणीकृत दस्त दिसतात. अकरा महिन्यांचा भाडेकरार सहसा नोंदवलेलाच नसतो. स्टँप पेपरवरचं, न नोंदवलेलं विसारपत्रही ईसीत येत नाही. बँकेचा वकील कागदांची साखळी तपासतो, आत कोण राहतं हे तपासायला तो बांधील नसतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची आणखी एक समजूत असते, की मुदत संपली की लीव्ह अँड लायसन्ससारखं सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येईल. तो मार्ग महाराष्ट्राच्या 1999च्या कायद्यातला आहे. तेलंगणाचा 1960चा भाडे नियंत्रण कायदा शहरात महिना 3,500 रुपयांवरच्या भाड्याला लागूच होत नाही. मग मासिक भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106ची पंधरा दिवसांची नोटीस, आणि तो हलला नाही तर दिवाणी दावा. ‘महिन्याभरात खाली करून देतो’ या तोंडी शब्दाची किंमत एवढीच.

भाडेकरू खोटं बोलला तर, हाही आक्षेप आहे. म्हणूनच लेखी घ्या: भाडं किती, अनामत किती, आगाऊ किती दिलं, मुदत कधी संपते, मालकाशी दुसरा कुठला करार आहे का. सही केल्यावर त्याला सहज फिरता येत नाही, आणि सही नाकारली तर व्यवहार तिथेच थांबवा. खोल्या हॉस्टेलला दिलेल्या असतील तर चालवणारा आणि करारावरचा माणूस एकच आहे का ते पाहा. अनामत रक्कम किमतीतून वळती करून घ्या. रजिस्ट्रीच्या दिवशीच भाडेकरूला मालक बदलल्याची लेखी सूचना द्या. ती मिळेपर्यंत त्याने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 109प्रमाणे ते त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. वीजबिल, महापालिकेचा कर, सोसायटीची थकबाकी हे तर सगळेच पाहतात. भाडेकरूची भेट नाकारणाऱ्याला मात्र एक रुपयाही टोकन देऊ नका, मग भाव कितीही उतरवू दे.